उजव्या अंगाचा बैल

खांद्याचं काय इचारता, तुमाला सांगतो, ह्यो खांदा पुन्याच्या यंत्रानं सुजवलाय! हासू नका. गाडीला येळ हाय, बसा, समदं सांगतो...

तर आमचा गुलब्या गेला. बैल हो. ऐन ज्येष्ठात पान लागलं, साप चावला वो, सकाळी बघतो तर आडवा. ऱ्हायला हरन्या, आन् हरन्या डाव्या अंगाचा. आता तुमाला काय सांगायचं, जल्मभर जुवाखाली डावीकडं चाललेलं जनावर उजवीकडं जुपलं की ते जातंय कुठं आन् आपन जातोय कुठं! शेजारचा कोंडिबा म्हनला, माझा घिऊन जा. देवमानूस. पन त्याचाबी डावाच! बाजारात जावं तर समद्या जोड्या, एकटा उजवा कोन इकतोय? आन् हिकडं भाताचं रोप वीतभर वाढलेलं. पंधरा दिसांत चिखलनी झाली न्हाई तर वरीसभर खायाचं काय, ह्या काळजीनं घास उतरंना.

तवा कुनीतरी म्हनलं, मागल्या साली ती पाहनीवाली मंडळी गुरं मोजून गेली न्हवती का, भोर-वेल्ह्याची समदी गुरं पुन्याच्या यंत्रात घातल्यात. भोरात त्यांचं हापिस हाय, खिडकीत चिठ्ठी द्यायची, चिठ्ठी यष्टीनं पुन्याला, यंत्र उत्तर धाडतं. म्हनलं बेस! वेल्ह्याहून नसरापूर, तितं गाडी बदलून भोर.

खिडकीत सौदामिनीबाई. चष्म्याची, गुनाची पोर. म्हनलं, बाई, आमचा गुलब्या असा व्हता, तसा व्हता... त्या म्हनल्या, "मामा, यंत्राला गोष्ट कळत नाही. चिठ्ठीत तीन घरं आहेत. काय पाहिजे, कुठल्या यादीतून, कुठल्या अटीवर. यंत्र विचारलं तेवढंच सांगतं." आता मला सांगा, इचारलं तेवढंच सांगनारं कुनी वेल्ह्यात बघितलंय का? हितं येळ इचारली तर मानूस लेकीच्या बाळंतपनापत्तुर जातो!

लिवलं. काय पाहिजे, बैल. कुठल्या यादीतून, गुरांच्या. कुठल्या अटीवर, उजव्या अंगाचा. चार दिसांनी उत्तर आलं, तीनशे बारा बैल! रंग हाय, वय हाय, शिंगं हायेत... गाव न्हाई, मालक न्हाई! समदे मोकाट सोडल्यागत. बाई म्हनल्या, मालक माणसांच्या यादीत असतो, ती तुम्ही मागितलीच नाही. यंत्र विचारलं तेवढंच सांगतं.

बरं. दुसरी चिठ्ठी. दोनी याद्या लिवल्या. पुन्ना चार दिस, आन् आला की वो गठ्ठा! येवढा! बगतो तर रखमाजीच्या नावावर तीनशे बारा बैल. रखमाजी! ज्याच्या दारात एक शेळी, तीबी अर्धलीची, निम्मी दुसऱ्याची! खाली फुलाबाई, तिच्याबी नावावर तेच तीनशे बारा. आन् पान उलटलं तर म्या, माझेबी तीनशे बारा... घटकाभर लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? बाई म्हनल्या, गुरांच्या यादीत मालकाचा नंबर असतो, तोच माणसांच्या यादीतही पाहिजे, ही अट राहिली. मंजी दावं बांधायचं ऱ्हायलं! गुरं गोठ्यात, मानसं घरात, मधी दावंच न्हाई, मग यंत्रानं ज्याला त्याला समदेच बांधले. म्हनलं, बाई, ह्ये आदी का न्हाई सांगितलं? तर म्हनत्यात कशा, "तुम्ही विचारलं नाहीत."

तिकडं रोप पिवळं पडाया लागलं. तिसऱ्या बारीला बाईच माझ्यासंगं बसल्या. म्हनल्या, नीट सांगा, कसा बैल हवा. सांगितलं. तांबडा. कपाळाला पांढरा चांद. उजव्या अंगाचा, सहादाती, हरन्याच्या उंचीचा. मारका नसावा, प्वार पोटाखालनं गेलं तरी पाय हालवू नये. बाईंनी समदं लिवलं, दावंबी बांधलं.

उत्तर आलं. एकच ओळ. मालक, चिमाजी. आमच्याच गावचा. मंजी म्या! बैलाचं नाव, गुलब्या.

बाई खुशीत. "मिळाला की, मामा!" आन् म्या त्या कागदाकडं बगत उभा. कागदावर गुलब्या जिता व्हता हो. तब्येत चांगली, असं लिवल्यालं. म्हनलं, बाई, ह्योच तर मेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला. मग हळूच म्हनल्या, "जिवंत आहे का, ते आपण विचारलंच नाही."

घरी आलो. सगुनाबाई, आमची कारभारीन, म्हनली, घावला का बैल? म्हनलं, घावला. कुठं? म्हनलं, आपल्याच गोठ्यात. ती रिकाम्या खुट्याकडं बघत बसली. दुसऱ्या दिशी नांगर तिनं धरला आन् उजव्या अंगाला जुवाखाली म्या. हरन्यानं वळून मला हुंगलं, मुकाट चालाया लागला. सहा खाचरं वढली, तुमाला सांगतो, सहा! लावनी झाली, खांदा गेला.

आन् परवा ती पाहनीवाली पुन्ना आली. मामा, कामाचे बैल किती? म्हनलं, दोन. एक डावा, एक उजवा? म्हनलं, व्हय. घेतलं लिवून. पाय किती, ते कुनी इचारलं न्हाई. मग म्याबी इचारलं तेवढंच सांगितलं.