उलटी शिकवलेली गाळणी

नाही हो काकू, मी हसते ती अशीच — बसा ना, साहेब येतीलच — तर पहिल्यांदा खटकलं कुठे सांगू? साहेबांनी मला शाबासकी दिली तिथे! म्हणाले, वा, कालपासून एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. बाकांचा कारखाना आणि तक्रार नाही? जाऊन बघते तर साहेबांच्या इनबॉक्समध्ये टकलावर केस उगवणाऱ्या तेलाचे मेल — रांगच! आणि गिऱ्हाइकांचे? एक नाही! का? — मी, मी, दुसरं कोण! मेल सर्व्हरवर स्पॅम अडवणारी गाळणी बसवली ना, तिला शिकवावं लागतं हो, लहान मुलासारखं — हे चांगले मेल, ही रद्दी. मी दोन्ही फोल्डर दिले, अगदी नीट दिले, फक्त उलटे दिले. आणि ती मेली इतकी हुशार, की लगेच शिकली! वर मीच ऐटीत सांगून ठेवलेलं — रद्दी साठवू नकोस, दारातूनच हाकल. हसा, हसा, मलाही आवरत नाहीये, नोकरी जाणारेय माझी! हाकललेल्या मेलचा नुसता विषय उरतो नोंदीत. त्यात एका शाळेच्या मुख्याध्यापिका — 'बाकांची उंची बदला!!! कापू नका!!!' अहो पण किती बदला? ते आत होतं, आत! साहेब तर म्हणतात, या बाईंचा मेल दिसला की मी आधी चहा मागवतो, मग उघडतो — हे मात्र कुणाला सांगू नका हं. आणि मिस्त्री जेवून उठले की करवत सुरू, अख्ख्या शाळेचं लाकूड! त्यांना म्हटलं थांबा, तर म्हणे साहेबांचा शब्द आण. साहेबांना सांगितलं? छे! कुठल्या तोंडाने? आधी उंची कळू दे, मग सांगते — म्हणून सकाळपासून बाईंना फोन लावतेय, उचलतच नाहीत, कुणाला तरी अंगठे धरून उभं केलं असेल. थांबा, पुन्हा लावते — वाजतोय — अगं आई, करवत का ती? — नाही, पंखा. काकू, तुमची पर्स गुरगुरतेय बघा. घ्या की, संकोच कसला, माझा इथे कोण उचलणारेय — अय्या, उचलला! हॅलो, मॅडम? मी बाकांच्या कारखान्यातून... काकू?