हीटरची वायर लावू नका

नाही, तुम्हीच सांगा, उणे अडतीसमध्ये गाडीचा प्लग काढून ठेवा म्हणणाऱ्याने जन्मात कधी थंडी पाहिली असेल का हो? कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये! जानेवारीत! इथे रात्रीत इंजिन गोठतं, म्हणून संध्याकाळ झाली की त्याच्या हीटरची वायर भिंतीतल्या प्लगला लावायची आणि मगच आपण जेवायला बसायचं. आणि कंपनीचं पत्र काय म्हणतं? 'प्रिय ओरेस्ट ह्रिनचुक, आपल्या पिकअपच्या हीटरची वायर तापून पेट घेऊ शकते. ती लावू नये. गाडी घरापासून लांब ठेवावी. नवी वायर सध्या उपलब्ध नाही. आपली सुरक्षितता हाच आमचा आनंद.' तुम्हाला सांगतो, मी थक्क झालो! एकाच पानात घर जाळायची भीती, गाडी गोठवायची सोय, आणि वर आनंद!

आणि घरात कोण? आमची लॅरिसा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली! जावई उत्तरेत तेलाच्या कामावर, हॉस्पिटल साठ किलोमीटर, गाडी एकच. मी कंपनीला फोन लावला. पलीकडून पोरगी इतकी गोड बोलते... 'सर, गाडी उन्हात उभी करून बघा ना.' उन्हात! बाई गं, आमच्या उन्हात मिशा गोठतात! थक्क झालो, दुसरं काय!

आज सकाळी लॅरिसा दारात. 'बाबा, निघायचं. आत्ता!' मी किल्ली फिरवली. घर्र... घ... संपलं. व्हर्ना, म्हणजे आमची ही, आतून ओरडते, 'अहो, अँब्युलन्सला पन्नास मिनिटं लागणार म्हणे!' मी आपला किल्ली फिरवतोच आहे, फिरवतोच आहे...

तेवढ्यात शेजारचा गार्नेट आला. वय ब्याऐंशी, डोळ्यांपायी लायसन गेलेलं. एका हातात गॅसची मशाल, दुसऱ्या हातात जुन्या शेगडीचं धुराडं! धुराड्याचं एक तोंड इंजिनखाली सरकवलं आणि दुसऱ्या तोंडात मशाल दिली ना पेटवून!

'अरे गार्नेट, गाडी पेटेल!'

'वायरीने पेटणार होती ना? ती तर तू काढलीस! मग भितोस कशाला?'

म्हणजे बघा, आग लागू नये म्हणून वायर काढली, आणि वायर काढली म्हणून गाडीखाली आग लावली! व्हर्ना एका हातात आग विझवायचा डबा आणि दुसऱ्या हातात लेकीचा हात धरून उभी, जरा हलली नाही. लॅरिसा कळ दाबत म्हणते, 'गार्नेटकाका, जरा डावीकडे, टायर तापतोय.' अशी माणसं! तुम्हाला सांगतो, मी थक्क झालो! पंधरा मिनिटांत इंजिन खोकलं, खाकरलं आणि सुरू झालं!

पोचलो. चाळीस मिनिटांत नात झाली. एवढीशी, आणि आवाज? खाली पार्किंगपर्यंत! सगळ्या थंडीला पुरून उरेल असा!

पार्किंगमध्ये कसा ऐकू आला म्हणता? मी तिथेच होतो ना! हॉस्पिटलने प्रत्येक गाडीला फुकट प्लग ठेवलाय, आणि माझ्या खिशात ते पत्र. व्हर्नाची ताकीद... 'गाडी गोठली तर बाळाला घरी कसं नेणार?' म्हणून दर अर्ध्या तासाला खाली येतो, इंजिन तापवतो, धापा टाकत वर जातो, तर नर्स म्हणते, 'आजोबा, बाळ आत्ताच झोपलं, पांघरुणात आहे.' पाचदा झालं हो! फक्त पांघरूण बघितलंय... गुलाबी आहे.

तुम्ही वरच चाललात ना? मग एवढं बघून सांगा... नाक कुणावर गेलंय?