भिंतीबाहेरची जागा

हलू नका म्हटलं ना, फादर — हात असाच आडवा धरा, टाचणी लागली तर मला बोल लावू नका. काय? ऐकलं मी. दारातून आत आलात तेव्हाच ऐकलं. माझा नवरा आज पहाटे दवाखान्यात वारला, जाण्याआधी तुमच्याजवळ सगळ्या पापांची कबुली दिली, ढसाढसा रडला, आणि शांतपणे डोळे मिटले. उद्या सकाळी त्याला पुरायचंय, कबरस्तानात नवी जागा उरलेली नाही, म्हणून आमच्या माहेरची कबर उघडायला माझी परवानगी हवी — जिथं माझे आईवडील आहेत ती. एवढंच ना? मग नाही. झालं उत्तर. आता दुसरा हात वर करा, काखेत कापड ओढतंय.

नाही, रागावलेली नाहीये मी. रागावले की कात्री वाकडी चालते माझी, आणि हा तुमच्या नव्या झग्याचा काठ बघा, कसा सरळ उतरलाय! — पण तुम्ही काय म्हणालात मघाशी? "तो बदलला होता." बदलला! अहो, दवाखान्याच्या खाटेवर कोण नाही बदलत? पाय चालेनासे झाले की माणूस घरी परततोच. दोन पायांवर होता तेव्हा मला सोडून गेला, दुसऱ्या गावात दुसरं बिऱ्हाड केलं, तिनं हाकलला तेव्हा तिसरं केलं, आणि शेवटी यकृत सडलं तसा देव आठवला. मला निरोप पाठवला होता त्यानं — तुमच्याच हाती पाठवला, आठवतंय? भेटायला ये म्हणून. मी गेले नाही. माझ्याकडे शिलाईचं काम होतं.

रविवारी ऐकलं तुमचं प्रवचन. मागच्या बाकावर बसते, पण कान शाबूत आहेत. कृपा कमवावी लागत नाही, म्हणालात, कुणाची लायकी नसते, ती फुकटची देणगी, हात पुढे केला की झालं. बायका डोळे पुसत होत्या. मी तुमच्या बाहीची उसवलेली शिवण बघत होते — आणि मनात म्हटलं, हे पोरगं कुणासाठी बोलतंय ते मला कळतंय. त्याच्यासाठी बोलत होतात ना? माझ्यासाठी बोलत होतात? म्हणजे मला मऊ करायला! वा. मग ऐका, फादर, मी शिकलेली नाही, पण मला एक सांगा — हात पुढे करणं हे काम नाही का? मागणं हे काम नाही? त्याला मागता आलं, कारण त्याला जीभ होती, श्वास होता, खाटेशेजारी तुम्ही होतात. आणि जिला हातच उचलता येत नव्हता, तिचं काय?

कोण ती म्हणजे? — तुम्हाला कुणी सांगितलं नाही? त्यानं नाही सांगितलं? सगळी पापं सांगितली म्हणालात! नाही, नाही, तुम्ही कबुलीतलं बोलू शकत नाही, ठाऊक आहे मला, पण तुमचा चेहरा बोलतोय. नाहीच सांगितलं त्यानं. विसरला. — लागली? थांबा, बोट ठेवा तिथं, रक्त नाही आलेलं. सांगितलं होतं हलू नका म्हणून.

मुलगी होती मला. आज असती तर तुमच्याएवढी असती. याच खोलीत झाली, त्या मशीनच्या पलीकडे खाट होती तिथं. संध्याकाळी झाली आणि जन्मल्यापासून धाप लागलेली, ओठ निळे. दाई आपल्या धर्माची नव्हती, पण तिला अक्कल होती, म्हणाली, तुमच्यात काय ते पाणी घालतात ना, ते उरकून घ्या. मी नवऱ्याला म्हटलं, पळ, फादरना घेऊन ये. तो पळाला. कोपऱ्यावर गुत्ता होता — काय करणार, बापडा घाबरलेला, म्हणाला असेल एक घोट घेऊन जाऊ. मी पोरीला छातीशी धरून वाट बघतेय, बाप्तिस्म्याचा झगा तिच्या अंगात घातलेला, मीच शिवलेला, आणि उशाशी पाण्याचा तांब्या. तांब्या उशाशी, फादर! भरलेला!

म्हातारे फादर आले ते सगळं संपल्यावर. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, आणि मला काय म्हणाले माहीत आहे? "बाई, अशा वेळी कुणीही पाणी घालून ते चार शब्द म्हटले असते तरी चाललं असतं." कुणीही! मीसुद्धा! ती दाईसुद्धा! हे मला कधी सांगावं? तोवर आम्हाला शिकवलं काय होतं — बायकांनी त्या पाण्याला हात लावायचा नाही, तो फादरचा मान. मी मान राखला. मान राखत बसले आणि पोर गेली. मग म्हणाले, बाप्तिस्मा नाही, तेव्हा आत जागा नाही. कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, काटेरी झुडपांकडे बोट दाखवलं. पेटीसुद्धा नाही दिली. ते बघा माझं मशीन, त्यावर जुनी चादर टाकलेली असते, तुम्ही मागे हसून विचारलं होतं, याचं लाकडी झाकण कुठं गेलं? — ती त्यात आहे. शेजारच्या सुतारानं त्याला खालून फळी ठोकून दिली.

बसू नका, अजून खालची दुमड घ्यायचीय. उभे राहा. हां, आता बोला काय बोलायचं ते. — आता तसं मानत नाहीत? अस्सं. आता काय मानतात? देवाच्या दयेवर सोपवतात... आशा बाळगायला जागा आहे... आशा! त्याच्याबद्दल बोलताना खात्री होती तुमच्या आवाजात, फादर. "तो देवाघरी गेला." तिच्याबद्दल आशा. ज्यानं तिला पाणी मिळू दिलं नाही त्याला खात्री आणि तिला आशा? हा कुठला हिशोब? — हो, हो, हिशोब नसतो कृपेला, ऐकलं रविवारी. भिंत माणसांनी बांधली, देवाची कृपा भिंतीपाशी थांबत नाही. बरं बोललात. हे विसरू नका, मला लागणार आहे.

काय? — काय म्हणालात? तिला आत आणू? उद्याच? तिथं खणून, तिची पेटी काढून, माझ्या आईवडिलांच्या कबरीत, तिच्या बापाच्या शेजारी, तुम्ही स्वतः प्रार्थना म्हणणार — नको. नको म्हटलं ना! तिथं खणायचं नाही. का म्हणजे काय — उगाच माती उकरायची, तिथं आहे काय खणायला?

...

ऐकलंत तुम्ही. बघू नका असे. हो, तिथं काही नाही.

पुढच्याच वर्षी आई गेली. वडील आधीच होते त्या कबरीत, ती आईसाठी उघडून ठेवलेली, खोदणारा जेवायला गेलेला, भर दुपार, चिटपाखरू नाही. मी भिंतीपलीकडे रोज जायची, ती माती माझ्या ओळखीची — आणि पुरलंही वरवरच होतं, तिच्यासाठी खोल खणायचे कष्ट कोण घेणार? हातांनी ती पेटी काढली. ओढणीत गुंडाळून आणली, उघड्या कबरीत उतरले, पायथ्याच्या कोपऱ्यात उकरलं आणि ठेवली, वर माती लोटली. संध्याकाळी आईची पेटी उतरली. आणि ज्यांनी बाहेर बोट दाखवलेलं ना, तेच म्हातारे फादर काठावर उभे राहून पवित्र पाणी शिंपडत होते, विश्रांतीची प्रार्थना म्हणत होते — दोघींवर. त्यांना माहीत नाही! मी इतक्या मोठ्यानं आमेन म्हटलं की माझा भाऊ वळून बघायला लागला. तिनं मागितलं नव्हतं, कमावलं नव्हतं, मिळालं. तुम्ही कृपा म्हणता ती हीच ना? की नाही? की ही चोरी?

ही कबुली नाही हं, फादर. कबुलीला पश्चात्ताप लागतो, तो माझ्याकडे औषधालासुद्धा नाही. तेव्हा तुम्ही मोकळे आहात, सांगा कुणाला सांगायचं ते. पण कबर उघडली की जुनं सगळं एका बाजूला सारतात, आणि खोदणाऱ्याच्या फावड्याला मशीनचं झाकण लागेल. त्याच्यासाठी! त्याला जागा करायला माझ्या पोरीला बाजूला सारायचं, पुन्हा एकदा? मी जिवंत असेपर्यंत नाही.

आणि जागेचं काय विचारता? आहे की जागा. भिंतीबाहेर, झुडपांजवळ, मघापर्यंत तुम्हाला वाटत होतं तिथं कुणी आहे — मोकळी आहे ती. लहान पडेल, खोदणाऱ्याला सांगा वाढवायला. त्याला तिथं ठेवा. कृपा भिंतीपाशी थांबत नाही, तुम्हीच म्हणालात, इथंच, याच फरशीवर उभं राहून. पोचेल की त्याच्यापर्यंत. — पोचते ना, फादर? की ती फक्त तिच्यापुरतीच पोचत होती?

 

बरं, राहू दे. झगा काढा. डोक्यावरून, हळू — टाचण्या आहेत अजून. शनिवारी तयार असेल. आणि जाताना दार ओढून घ्या.