शेवंतानं निवडलेलं बी

तिसगावला बियाण्याच्या दुकानापुढं रांगेत एक काका शेजारच्या बाईंशी बोलत होते.

"हायब्रीड भेंडी गेल्या साली लई जोमदार आली. तिचंच बी औंदा पेरलं, तर निम्मी झाडं खुरटी. बी बायकूनं निवडलेलं. लई बोललो तिला."

"तिची काय चूक, काका? मी हायब्रीड बी तयार करायच्या प्लॉटवर एका जातीच्या फुलांना दुसरीचे पराग हातानं लावते. तिथली आई-बाप दोन्ही झाडं खुरटीच."

"आन् लेकरू जोमदार?"

"एकाचं उणं दुसरं झाकतं. पुढच्या पिढीत काही झाडांत ते परत उघडं पडतं."

काकांनी मोबाईल काढला.

"शेवंता? बी तू चांगलंच निवडलं हुतंस... व्हय, माझंच चुकलं... आता हसू नको, रांगेत मानसं ऐकत्यात."