डिस्क भरेपर्यंत

एदेलमिरा: आणि मग त्या डिस्कच्या कंपनीच्या बाईला तू काय सांगितलंस?

लिंबर्ट: काय सांगणार मॅडम? मी म्हटलं, कसला आवाज? ती म्हणते, अहो, तुमच्या मागे जो चाललाय तो. मी वळून बघितलं. मागे कुणीच नाही. आपलं हे डिस्कचं कपाट, पंखे, बस्स. म्हटलं, बाई, इथे सगळं शांत आहे. ती म्हणते, मला तुमचा एक शब्द ऐकू येत नाहीये! मी म्हटलं, लाईन खराब असेल, लिमाहून इथे ओरुरोला फोन, मध्ये केवढे डोंगर. तर ती म्हणते, लाईन नाही हो, ट्रंपेट वाजतायत!

एदेलमिरा: मग?

लिंबर्ट: मग मी म्हटलं, हां, ते होय! तो बँड आहे.

एदेलमिरा: हं.

लिंबर्ट: मग म्हणाली, किती लांब? म्हटलं, भिंतीपलीकडे. किती माणसं? म्हटलं, सत्तरेक. मग एकदम हळू आवाजात म्हणते, आणि तुम्ही तीन आठवडे मला सांगताय की खोलीत आवाज नाही?

एदेलमिरा: तिनं विचारलं होतं?

लिंबर्ट: पहिल्याच दिवशी! खोली तापते का, वीज जाते का, हादरे बसतात का, आवाज आहे का. मी म्हटलं नाही, नाही, नाही, नाही.

एदेलमिरा: मीही नाहीच म्हटलं असतं.

लिंबर्ट: ना? कार्निवल तोंडावर आलाय, गावात गल्लोगल्ली बँडच्या तालमी. त्याला आवाज कोण म्हणतं? उद्या कुणी विचारलं खोलीत हवा आहे का, तर काय सांगणार?

एदेलमिरा: बरं. आत्ता काय स्थिती आहे ते सांग. श्वास घेऊन सांग.

लिंबर्ट: कपाटात बारा डिस्क. दोन गेल्या तरी काही बिघडत नाही असं आपण बांधलंय. त्या दोन गेल्या. शुक्रवारी एक, काल संध्याकाळी दुसरी. आणि गंमत म्हणजे त्या मेल्याच नाहीत मॅडम! उत्तर द्यायला उशीर करत होत्या, म्हणून सिस्टीमला वाटलं मेल्या, तिनं बाहेर काढल्या. एकीच्या जागी नवी घातलीय. बाकीच्या दहा जणींवरचं वाचून वाचून ती भरतेय. आत्ता अर्ध्याच्या थोडी पुढे. ती पूर्ण भरली की परत एक जायची सोय होते. त्याआधी तिसरी गेली तर...

एदेलमिरा: तर तिन्ही क्लिनिकांच्या सगळ्या नोंदी गेल्या.

लिंबर्ट: डायलिसिसवालं सगळ्यात वाईट. कुणाच्या अंगातलं किती पाणी काढायचं, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, सगळं इथेच आहे.

एदेलमिरा: कागदावर?

लिंबर्ट: कागद आपणच बंद केले ना.

एदेलमिरा: आपण नाही, तू. मी मान डोलावली. कोचाबाम्बाला रोज जी प्रत जाते तिचं काय?

लिंबर्ट: ती सातला जाते, क्लिनिकं बंद झाली की. म्हणजे जायला लागते. सातलाच पलीकडे बँड सुरू होतो. कपाट मंद होतं, प्रत अर्ध्यात तुटते. शेवटची धड प्रत तीन आठवड्यांपूर्वीची.

एदेलमिरा: हे तू मला आज सांगतोयस?

लिंबर्ट: दोनदा सांगितलं! तुम्ही म्हणालात, कार्निवलच्या दिवसांत कोचाबाम्बाची लाईन अशीच वागते.

एदेलमिरा: म्हटलं असेन. किती वाजले?

लिंबर्ट: सव्वासहा.

एदेलमिरा: पलीकडे जा आणि बँडमास्तरांना बोलावून आण. आब्दोन मास्तरांचाच बँड ना तो?

लिंबर्ट: त्यांचाच. ओळखतो मी त्यांना, लहानपणी त्यांच्या हाताखाली होतो. मॅडम, ते चिडतील.

एदेलमिरा: चिडू देत. फक्त मोठ्यानं नको.

(थोड्या वेळानं. तीच खोली.)

आब्दोन: कोण आजारी आहे? हा पोरगा नुसता हात धरून ओढत घेऊन आला. आणि ही खोली आहे का मुडदेघर? केवढा गारठा!

एदेलमिरा: या मास्तर. बसायला खुर्ची नाही.

आब्दोन: बँडवाल्याला खुर्ची कशाला, बाई? जन्म उभ्यानं गेला. काय रे लिंबर्ट, अजून एका दमातच बोलतोस का? बाई, हा माझ्याकडे तिसऱ्या रांगेत ट्रंपेटला होता. श्वास कुठे घ्यायचा ते याला कधी कळलंच नाही.

लिंबर्ट: मास्तर, तुमच्या बँडमुळे आमच्या डिस्क मरतायत.

आब्दोन: बघा.

एदेलमिरा: नीट सांग त्यांना.

लिंबर्ट: हे बघा मास्तर, डिस्क म्हणजे आत एक चकती गरागरा फिरते. तिच्यावर एक काटा. चकतीला टेकत नाही हां, नुसता तरंगतो. आणि चकतीवर रेघा असतात, इतक्या दाट, इतक्या दाट की एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील. मोठा आवाज झाला की काटा थरथरतो. रेघ चुकते. परत शोधतो, परत चुकते. सिस्टीम वाट बघते, बघते, मग म्हणते ही मेली.

आब्दोन: आधी नव्हतं हे असलं काही. आम्ही पलीकडच्या हॉलमध्ये तू जन्मायच्या आधीपासून वाजवतोय.

लिंबर्ट: आधी इथे डिस्कच नव्हत्या ना! प्रत्येक क्लिनिकात स्वतःची जुनी मशीनं होती, अर्धा वेळ झोपलेली. मी सगळी बंद केली आणि इथे एक मोठं आणलं. त्याच्या पोटात दहा मशीनं. खरी नाहीत, पण त्या दहांना वाटतं आपण खरी. सगळ्यांचं सामान या एकाच कपाटात.

आब्दोन: म्हणजे एकाच माणसानं दहा वाद्यं वाजवायची.

लिंबर्ट: बरोब्बर!

आब्दोन: आणि त्याला शिंक आली की?

लिंबर्ट: म्हणून तर दोन डिस्क जादा ठेवल्या होत्या.

आब्दोन: त्यांनाही शिंक आली.

एदेलमिरा: एकाच वेळी. तेच आमचं चुकलं. वेगवेगळ्या खोल्यांत असत्या तर एवढं झालं नसतं.

आब्दोन: हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?

लिंबर्ट: लिमाच्या बाईनं. कंपनीची आहे ती, फोनवर असते.

आब्दोन: लिमा! लिमात काय बँड असतो? तिथे लोक गिटार वाजवतात आणि रडतात. थांबा, मी विल्मारला बोलावतो. भिंतीशी उभं राहून बासवर, त्या भल्यामोठ्या पितळी भोंग्यावर, एक लांब सूर काढेल. बघू काय होतं तुमच्या काट्याला.

एदेलमिरा: नको.

लिंबर्ट: नको नको नको, मास्तर!

एदेलमिरा: वाजवून बघायची गरज नाही. लिंबर्ट, कालचा ग्राफ दाखव त्यांना.

आब्दोन: हे काय, डोंगर काढलेत?

लिंबर्ट: कालची संध्याकाळ आहे ही. इकडून तिकडे वेळ. रेघ वर गेली म्हणजे डिस्कला उत्तर द्यायला उशीर झाला.

आब्दोन: चष्मा काढू दे. हं. सातला चढली. आणि हा खड्डा?

लिंबर्ट: तेच तर कळत नाही. पाचेक मिनिटं अचानक सगळं सुरळीत. मला वाटलं, सुटलो.

आब्दोन: ग्रोव्हर उशिरा आला.

लिंबर्ट: काय?

आब्दोन: माझा ढोलवाला. मी तालीम थांबवून त्याला झापलं. काचेवर बोट ठेवलं तर चालेल? हे बघ. ही आमची नवी मोरेनादा, मिरवणुकीतल्या नाचाची धून, सुरू झाली. इथे रेघ अर्ध्यावर उतरते, कारण इथे फक्त ट्रंपेट, बास गप्प. मग सगळे. मग हे वळण. परत तेच. परत तेच. परत तेच. चार वेळा घेतलं मी, ग्रोव्हर काही वळणावर वेळेत येईना.

लिंबर्ट: मॅडम! मी हे तीन आठवडे बघतोय. मला वाटत होतं, यात काही क्रमच नाही!

आब्दोन: इथे आम्ही मक्याचं आपी प्यायलो. गरम होतं, वेळ लागला. आणि हा शेवटचा सुळका?

लिंबर्ट: तिथे दुसरी डिस्क गेली.

एदेलमिरा: मास्तर?

आब्दोन: तिथे मी सगळ्यांना म्हटलं होतं, आता एकदा मनापासून फुंका. छप्पर उडालं तर मी बघून घेईन.

एदेलमिरा: तुम्हाला कसं ठाऊक असणार?

आब्दोन: ठाऊक नव्हतं. पण फुंकलं मस्त, बाई. काय फुंकलं!

लिंबर्ट: मास्तर, आज वाजवू नका.

आब्दोन: आज बुधवार आहे.

लिंबर्ट: माहितीये.

आब्दोन: उद्यापासून पोरं आपापल्या घरच्या कामात, शनिवारी मिरवणूक. आज शेवटची तालीम. ते वळण अजून बसलेलं नाही. शनिवारी सगळं गाव दोन्ही बाजूंना बसणार, पुढे अडीचशे नाचणारे, आणि ढोल चुकला की अडीचशे पाय चुकणार. पुढच्या वर्षी ती नाचणारी मंडळी दुसरा बँड लावतील. लावायलाच हवा, मी असतो तर लावला असता.

एदेलमिरा: दुसरीकडे कुठे तालीम घेता येणार नाही?

आब्दोन: रस्त्यावर गारा पडतायत, बघितल्या नाहीत का? शाळेचं आवार आहे, पण तिथे पागाडोरचा बँड असतो. ते आम्हाला आत घेणार नाहीत.

लिंबर्ट: का?

आब्दोन: गेल्या वर्षी त्यांच्या ढोलाचं चामडं कुणीतरी फाडलं.

लिंबर्ट: कुणी?

आब्दोन: मला काय विचारतोस? तुमचं हे कपाट हलवा की. चार जण देतो मी, बास उचलणारे, दमदार आहेत.

एदेलमिरा: भरत असताना हलवलं तर तोच धक्का. बंद करायचं म्हटलं, तर परत उठेल याची मला खात्री नाही. मास्तर, मी तुम्हाला थांबवू शकत नाही. हॉल तुमचा, तुम्ही आमच्या आधीचे. उद्या सकाळी डायलिसिसला जे येणार आहेत, त्यांना काय सांगायचं ते मी बघेन. फक्त काय होतंय ते तुम्हाला माहीत असावं म्हणून बोलावलं.

आब्दोन: शांतता असली तर केव्हा भरेल?

लिंबर्ट: नऊच्या आत. वाजत असलं तर उद्या दुपारपर्यंत. म्हणजे बाकीच्या टिकल्या तर.

आब्दोन: फुंकायचं नाही, एवढंच ना?

एदेलमिरा: एवढंच.

आब्दोन: बोटं हलवली तर?

लिंबर्ट: बोटं?

आब्दोन: बोटं. पाय. वाद्य तोंडाला लावायचं, जागेवर चालायचं, वळायचं. फुंकर तेवढी नाही.

लिंबर्ट: आणि ढोल? झांजा?

आब्दोन: झांजवाले झांजा एकमेकींना न टेकवता हलवतील. ग्रोव्हर हवेत मारेल. तसाही तो हवेतच मारतो.

एदेलमिरा: तुमची माणसं ऐकतील?

आब्दोन: शिव्या घालतील. शिव्यांचा आवाज चालतो का तुमच्या काट्याला?

एदेलमिरा: हळू घातल्या तर.

आब्दोन: चला मग. ए लिंबर्ट, दार ओढून घे, थंडी बाहेर येतेय.

(आठ वाजून गेलेत. मास्तर हॉलमध्ये, हे दोघं कपाटापाशी.)

लिंबर्ट: मॅडम, ब्याण्णव टक्के! पळतेय नुसती! रेघ बघा, जमिनीला चिकटलीय. पण हे बारीक बारीक काय उठतंय? ठकठक ठकठक, सारख्या अंतरानं?

एदेलमिरा: पावलं.

लिंबर्ट: थांबवू का त्यांना?

एदेलमिरा: एवढ्यानं काही होत नाही. बस तू.

लिंबर्ट: मी मघाशी दारातून डोकावून आलो. सत्तर माणसं हो मॅडम! गाल फुगवलेत, बोटं चाललीत, पण एक सूर नाही. मास्तरांनी हात फिरवला की अख्खी रांग वळते. विल्मारच्या कपाळावरून घाम गळतोय, एवढी जड बास खांद्यावर, आणि कशासाठी? आणि मला कळत होतं मॅडम, आत्ता कुठे आलेत ते. इथे ट्रंपेट एकटे, आता सगळे, आता वळण. एकदा तर मी इकडे श्वास रोखून...

एदेलमिरा: टक्के बघ.

लिंबर्ट: पंच्याण्णव. तुम्हाला बघायचं नाही का?

एदेलमिरा: मला हेच बघायचंय.

लिंबर्ट: शहाण्णव. मॅडम, समजा त्या वळणावर शनिवारी चुकले, तर लोक मास्तरांना म्हणतील, तालीम नीट केली नाही.

एदेलमिरा: म्हणतील.

लिंबर्ट: आपण सांगायचं का लोकांना?

एदेलमिरा: काय सांगशील? की एक डिस्क भरत होती?

लिंबर्ट: हं. कुणाला पटणार? अठ्ठ्याण्णव. थांबा. थांबा थांबा. भरली! हिरवा झाला! मॅडम, भरली!

एदेलमिरा: ओरडू नकोस. कोचाबाम्बाची प्रत सोड. ते फुंकत नाहीयेत तोवर.

लिंबर्ट: सोडली. जातेय. अडखळत नाहीये. दुसरी नवी डिस्क पण आत्ताच घालू?

एदेलमिरा: प्रत पोचू दे आधी. एका वेळी एक.

आब्दोन: येऊ का? संपलं आमचं.

एदेलमिरा: या मास्तर. आमचंही. आता एखादी गेली तरी निभेल.

आब्दोन: म्हणजे शिंकायला हरकत नाही.

एदेलमिरा: प्रत पोचेपर्यंत थोडी आहे. कार्निवल झाला की आम्ही हे कपाट इथून हलवतो. निदान अर्ध्या डिस्क तरी दुसऱ्या जागी.

आब्दोन: कुठे नेणार?

एदेलमिरा: जिथे बँड नसेल तिथे.

आब्दोन: ओरुरोत? शोधा हं, शोधा. सापडली जागा तर मलाही दाखवा, कधी झोपायला येईन.

लिंबर्ट: मास्तर, त्या वळणाचं काय झालं? ग्रोव्हर वेळेत आला का?

आब्दोन: हात वेळेत आला. आवाज यायचा तेव्हा आला असता की नाही, कसं सांगू?

लिंबर्ट: पण तुम्हाला अंदाज असेल ना?

आब्दोन: शनिवारी कळेल, पोरा. मलाही तेव्हाच.