अबोल्याचा चौकोन

…आणि मधल्या मध्ये पिसला गेलो मी, हे कुणाच्या गावीही नाही! नऊ वर्षं इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा इकडे, तोही जसाच्या तसा नाही, त्यातले काटे काढून, वरून थोडी साखर पेरून… आणि एवढं करून त्या दोघी शेवटी बोलल्या त्या कशामुळे, तर मोबाइलवरच्या एका चौकोनामुळे! तुम्हाला सांगतो, माणसाच्या शब्दाला किंमत राहिलेली नाही, चौकोनाला आहे.

दोघी म्हणजे माझी आई आणि माझी मावशी. सख्ख्या बहिणी. आई थोरली, ती घरीच कपडे शिवते, पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट कोट, आणि कायम तोंडात टाचण्या. मावशी धाकटी, तिचं औषधांचं दुकान. आणि मावशी वाचते. म्हणजे तुम्ही-आम्ही वाचतो तसं नाही हो, आपण काय, डोळ्यापुढे आलं तर वाचतो. मावशीच्या काउंटरखाली कायम एक पुस्तक, त्यात डाव्या हाताचं बोट खुणेला, आणि उजव्या हातानं सगळा धंदा. गिऱ्हाईक म्हणतं, खोकला आहे; मावशी म्हणते, कोरडा की ओला; गिऱ्हाईक सांगेपर्यंत हिचा एक परिच्छेद वाचून झालेला. तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचलेली बाई ती, तिला छापील पुस्तक म्हणजे उतारावरची सायकल! औषध मात्र आजवर एकदाही चुकलेलं नाही, हे कबूल करायला हवं. लोक म्हणायचे, बाई, जरा डोळ्यांना विश्रांती द्या. पण वाचणाऱ्या माणसाला सांगणार कोण?

तर नऊ वर्षांपूर्वी बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, दुसऱ्या दिवशी दुपारी आई अंघोळीला म्हणून घरी गेली, दोन तास मावशी बाबांजवळ बसली. बाबा झोपलेले, सलाईन चालू, मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत. आता बसली तर बसली, पिशवीत पुस्तक होतं… आई परत आली तेव्हा बाटली रिकामी, नळीत वीतभर रक्त उलटं चढलेलं आणि मावशीचं नाक पुस्तकात. सिस्टर आल्या, एका मिनिटात त्यांनी सगळं ठीक केलं, म्हणाल्या, होतं असं कधीकधी, काळजीचं कारण नाही. बाबांना तर पत्ताही नाही. बाबा आजही म्हणतात, मला काय विचारता, मला झोप फार छान लागली होती. पण आईनं ती लाल नळी पाहिली होती ना! तिनं मावशीला एवढंच विचारलं, "तुला दिसलं नाही?"

आता इथं शहाण्या माणसानं काय म्हणावं? चुकलं म्हणावं. घाबरले म्हणावं. अगदीच काही नाही तर रडावं! मावशी काय म्हणाली?

"एवढं पान संपवून बघणारच होते."

झालं. त्या एका वाक्यावर नऊ वर्षं अबोला. औषधं विकणारी बाई, नळी कळत नाही असंही नाही, आणि म्हणे पान संपवून! आई म्हणाली, हिला माणसं नंतर आणि पुस्तक आधी. मावशी मला म्हणाली, मी मुद्दाम केलं असं हिला वाटूच कसं शकतं. आणि तेव्हापासून मी पोस्टमन. "आईला सांग, तिच्या गुडघ्याची गोळी आली आहे." "मावशीला सांग, पैसे टेबलावर ठेवलेत, आणि तिच्या कोटाची बाही झाली आहे." कोट शिवायची, गोळी द्यायची, सगळं चालू, फक्त बोलणं बंद. एकाच लग्नात दोघी एकाच रंगाच्या कपड्यात आल्या आणि मला मधल्या खुर्चीवर बसवलं. मी चाळिशीचा माणूस, डोक्यावर केस मोजके, आणि माझा उपयोग काय, तर फाळणी!

तर गेल्या जानेवारीत मावशी कुठल्याशा ऑनलाइन गटात शिरली. वाचनाचं आव्हान. वर्षाला बावन्न पुस्तकं, बावन्न चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाला अट. पिवळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक. तुमच्या जन्माच्या वर्षी छापलेलं पुस्तक. ज्यात एकही लग्न नाही असं पुस्तक… मी म्हटलं, मावशी, तू तशीही वाचतेसच, मग ह्या अटी कशाला? आपण भूक लागली की जेवतो, आज फक्त गोल पदार्थ खायचे असं ठरवतो का? पण वाचणाऱ्या माणसाला सांगणार कोण? वाचून झालं की फोटो टाकायचा, चार ओळी लिहायच्या, मग गटाची प्रमुख ती नोंद तपासणार, आणि बावन्नही चौकोन भरले की प्रमाणपत्र. तिला सगळे हेडबाई म्हणायचे. कुणी कधी पाहिलेली नाही, पण सगळे टरकून. मावशीनं मार्चमध्ये पिवळं पुस्तक टाकलं तर हेडबाईंचा निरोप आला, हे पिवळं नसून मोतिया आहे. मावशीनं निमूट दुसरं वाचलं! आयुष्यात कुणाचं न ऐकलेली बाई…

नोव्हेंबर उजाडेपर्यंत एक्कावन्न चौकोन भरले. उरला एकच, सदतिसावा. तो ती फेब्रुवारीपासून ओलांडून जात होती. अट अशी, की ज्या व्यक्तीशी तुमचं बोलणं बंद आहे, तिनं सुचवलेलं पुस्तक. आणि खाली बारीक अक्षरात, सुचवताना ती व्यक्ती काय म्हणाली, ते तिच्याच शब्दांत लिहावे.

आता सख्खी बहीण नऊ वर्षं बोलत नाही, म्हणजे चौकोन घरचाच की नाही? पण नाही. मावशीनं ठरवलं, नवा अबोला तयार करायचा. शेजारी चष्म्याचं दुकान. तिथं जाऊन त्या चष्मेवाल्याला म्हणाली, तुम्ही केलेला चष्मा चुकीचा आहे, तुम्हाला धंद्यातलं काही कळत नाही. तो भला माणूस, त्यानं चष्मा घेतला, पुसला, काच बदलून दिली, वर म्हणाला, बरं झालं सांगितलंत. मग औषध कंपनीचा माणूस यायचा, त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला वाटलं, आपलंच काही चुकलं, म्हणून त्यानं एक पेन आणून दिलं, मग एक कॅलेंडर, चौथ्या खेपेला म्हणाला, बाई, तुमचा आवाज बसलाय का? आणि घशाच्या गोळ्या देऊन गेला. औषधाच्या दुकानात गोळ्या! भांडायलासुद्धा हो समोरच्याची साथ लागते. ती काय सगळ्यांनाच मिळते?

मग मोर्चा माझ्याकडे. मावशी म्हणाली, तुझ्या आईला म्हणावं, एखादं पुस्तक सुचव. मी आईकडे गेलो. आई मशीनवर. टाचण्या तोंडात. मी सगळं समजावून सांगितलं, चौकोन, अट, हेडबाई. आईनं टाचण्यांमधूनच सांगितलं, की पुस्तकातलं मला काही कळत नाही, आणि जिला हवं आहे तिला पाय आहेत.

एरवी मी काटे काढतो. त्या दिवशी नाही काढले. कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. गेलो आणि तसंच्या तसं सांगितलं, तिला पाय आहेत. मावशी काउंटरमागे उभी होती. तिनं पुस्तकातलं बोट काढलं. तुम्हाला सांगतो, त्या बाईला खूण न घालता पुस्तक मिटताना मी पहिल्यांदा पाहिलं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती आली. मी तिथंच होतो, बाबा आतल्या खोलीत पेपर चाळत होते. ती दारात उभी, आई मशीनवर, मशीन काही थांबेना. मावशीनं मला नंतर सांगितलं, की जिन्यात ती दोनदा परत फिरली होती, आणि दोन्ही वेळा गुडघ्यांना दोष दिला होता. बरं, आत आल्यावर चौकोनाचं बोलायचं, तर तेही नाही. एकदम म्हणाली,

"ताई, त्या दिवशी मी उठायला हवं होतं."

आईनं मशीन थांबवलं. तोंडातल्या टाचण्या काढायला लागली. एक… दोन… एकेक करून उशीत खोचते आहे… सात टाचण्या! सात टाचण्यांना किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. मग म्हणाली,

"हो. हवं होतं."

मावशी उभीच. मग आईनंच विचारलं, "तेव्हा वाचत होतीस ते पुस्तक संपवलंस का?"

"नाही. त्या दिवसानंतर उघडलंच नाही."

आता बघा. आईची नऊ वर्षं अशी पक्की समजूत, की ही घरी गेली असणार, पाय पसरून बसली असणार आणि उरलेलं पुस्तक मजेत संपवलं असणार. खरा राग त्याचाच! आणि वर्षाला बावन्न पुस्तकं वाचणाऱ्या ह्या बाईनं ते एक पुस्तक कपाटात सगळ्यांत मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. हे दोघींपैकी एकीनं जरी मला सांगितलं असतं, तर मी पंधरा मिनिटांत मिटवलं नसतं का? पण निरोपात कधी असल्या गोष्टी असतात? निरोपात गोळ्या असतात, बाह्या असतात.

आई म्हणाली, "मग तेच वाच. आणि इथं बसून वाच, मोठ्यानं. एवढं काय होतं त्यात, ते मलाही कळू दे."

मावशी उलट्या पावली गेली, बस पकडून घरी, बस पकडून परत. पाऊण तासात पुस्तक हजर. आत खुणेला हॉस्पिटलचा भेटीचा पास. आईनं फर्मावलं, पहिल्या पानापासून. तीन रविवार चाललं ते. गोष्ट एका दीपगृहाच्या रखवालदाराची, तो एका जहाजाची वाट बघतो. आई शिवते आहे, मावशी वाचते आहे, जहाज काही येत नाही. दुसऱ्या रविवारी पान एकशे बारा आलं, पासाचं पान. आईचं मशीन थांबलं.

"हेच?"

"हेच."

"वाच."

मावशीनं वाचलं. त्या पानावर तो रखवालदार दिव्याची काच पुसतो. पहिल्या ओळीत पुसायला घेतो, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पुसतो.

आई म्हणाली, "बस? पुसतोय नुसता?"

मावशी म्हणाली, "पुढच्या पानावरही पुसतो."

"अगं, ह्याच्यासाठी माझ्या नवऱ्याची नळी लाल झाली? काहीतरी बरं तरी वाचायचं होतंस."

आणि मग आधी मावशीला हसू फुटलं की आईला, ते मला सांगता येणार नाही, पण आतून बाबा पेपर टाकून धावत आले, त्यांना वाटलं कुणाला तरी काही झालं. दोघी डोळे पुसताहेत, तिकडे तो काच पुसतोय… आणि मी? माझ्याकडे कुणाचं लक्ष होतं का? नऊ वर्षांची नोकरी गेली माझी, ते बाजूला राहू द्या, कुणी बस म्हणालं नाही!

तिसऱ्या रविवारी पुस्तक संपलं. जहाज आलं नाही ते नाहीच. मावशीनं नोंद टाकली, आई काय म्हणाली ते शब्दन् शब्द, सोबत दोघींचा फोटो. दुसऱ्या दिवशी हेडबाईंचा निरोप. नोंद अमान्य. कारण, सदर व्यक्तीशी बोलणं बंद होतं, तर तिनं सुचवलं कसं? आणि तिनं सुचवलं, तर बोलणं बंद कुठे राहिलं?

मी म्हटलं, मावशी, भांड. अशी अट पुरी होणं जगात कुणालाच शक्य नाही, हे सरळ लिही. तिनं निरोप दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि लिहिलं, बरोबर आहे. बस्स! वर्षभर जिच्यापायी डोळे फोडले, त्या प्रमाणपत्रावर पाणी, आणि ही म्हणते बरोबर आहे. चिडली ती आई. आयुष्यात एक पुस्तक ऐकलेली बाई, पण म्हणाली, त्या बाईचा नंबर दे, मी बघते. मग म्हणाली, हवं तर पुन्हा अबोला धरते, एकतीस तारखेपर्यंत, आठ-दहा दिवसांचाच तर प्रश्न आहे. आणि तुम्हाला सांगतो, मावशीनं विचार केला! खरोखर विचार केला, मी तिचं तोंड बघत होतो! मग म्हणाली, "नको ताई. एक्कावन्न पुष्कळ झाली."

आता ती दर रविवारी येते. आणि रविवारी येते म्हणजे काय, गुरुवारीही येते, दुकान जेवणाच्या वेळी बंद असतं तेव्हाही येते, फोन तर दिवसातून चार वेळा. वाचन पाव तास आणि त्या पाव तासावर बोलणं दोन तास. गोष्टीतल्या ह्या बाईनं असं का केलं, मी असते तर अशी वागले असते का, शेजारीण अशीच वागते की नाही… मशीन चालू, पुस्तक चालू, दोघींची तोंडं चालू. मी म्हटलं, जरा हळू वाचा, बाबांची दुपारची झोप मोडते. पण वाचणाऱ्या माणसाला सांगणार कोण? आणि आता तर दोन झाल्या!

परवा गेलो तर बाबा बाहेर जिन्यात खुर्ची टाकून बसलेले. कानात कापूस. मी म्हटलं, बाबा, झालं ना तुमच्या मनासारखं? बाबांनी कापूस काढला, मला पुन्हा विचारायला लावलं, आणि शांतपणे म्हणाले, "नऊ वर्षं मी देवाला सांगत होतो, दोघींना बोलतं कर. किती, ते सांगायचं राहून गेलं."