मासे तळायच्या वहीतले चौदा कागद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष फादर लँबर्ट, इंडियानापोलिसहून एवढ्या लांब गाडी चालवत आलेल्या आपल्या पाहुण्या मिस ट्रूडी कॅलोवे, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती मिसेस रोझेला फ्रिक, त्यांचे यजमान क्लेम, आणि शुक्रवारी मासे खायला न चुकता येणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो,

मला भाषणाची सवय नाही. म्हणून मी एका सकाळी काय केलं, तेवढंच सांगतो.

राखेच्या बुधवारचा आदला दिवस होता, दुसऱ्या दिवशी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागणार होता. सव्वीस वर्षांपूर्वीचा. त्याच हिवाळ्यात आमचे बाबा, ॲल्विन बेटनर, देवाघरी गेले होते आणि ड्रायक्लीनिंगचं दुकान माझ्या गळ्यात पडलं होतं. आपल्याकडे चर्चमध्ये आशीर्वाद दिलेल्या झावळ्या कचऱ्यात टाकत नाहीत, जाळतात. बाबा दरवर्षी दुकानामागच्या पत्र्याच्या पिंपात त्या जाळायचे. मीही जाळल्या. पण जाळ छान पेटला होता, आणि आत बाबांचं कपाट जुन्या विम्याच्या कागदांनी भरलेलं होतं. सगळ्यांची मुदत संपलेली. गेल्या वर्षीचं कॅलेंडर कोणी ठेवतं का? मी सगळे कागद पिंपात घातले, वर प्रार्थनाही म्हटली. कपाट रिकामं झालं म्हणून मला फार बरं वाटलं होतं.

मंडळी, इतक्या भक्तिभावाने एवढा मोठा मूर्खपणा या गावात दुसऱ्या कोणी केला असेल, असं मला वाटत नाही.

(क्लेम, तुम्ही हसू नका. तुमच्या बोटीची गोष्ट मला माहीत आहे.)

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या विहिरीच्या पाण्यात ड्रायक्लीनिंगचा द्राव सापडला. तो आमच्या दुकानाखालून झिरपत गेला होता, बाबांच्या काळापासून, थेंब थेंब. बाबांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. तेव्हा सगळेच उरलेला द्राव मागच्या मोरीत ओतत. पण पाणी हेतू विचारत नाही. शाळेचे नळ बंद झाले, मुलं बाटलीतलं पाणी पिऊ लागली, आणि जमीन साफ करून द्या असं सरकारी पत्र मला आलं. दुकान विकून ते काम अर्धंही झालं नसतं. राहतं घर विकायचं, तर आई तिथेच राहत होती. उपवासकाळात मांस वर्ज्य म्हणून चर्चतर्फे आमच्या पार्किंगच्या जागेवर होणारा माशांचा शुक्रवार शाळेच्या व्यायामशाळेत हलवला. त्या जमिनीवर बसून कोण जेवणार? मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसू लागलो. कोणी मला हटकलं नाही, पण मला समोर बसवेना.

तेव्हा मिस ट्रूडी आल्या. हरवलेल्या विमा पॉलिसी शोधून काढणं हा त्यांचा धंदा. त्या म्हणाल्या, "मिस्टर बेटनर, आत्ताच्या पॉलिसीत प्रदूषण वगळलेलं असतं. पण पंच्याऐंशीच्या आधीच्या पॉलिसीत बहुधा नसायचं. तुमच्यामुळे शेजाऱ्याचं नुकसान ज्या वर्षी झालं, त्या वर्षीची पॉलिसी आजही बांधील असते. मुदत संपली म्हणून ती मरत नाही. कुठे आहेत त्या?"

मी पिंपाकडे बोट दाखवलं.

त्यांनी पिंपात डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "विमा कंपन्याही जुनी नोंद नाही म्हणतात. बरं, विम्याचा कागद द्या म्हणून तुमच्या वडिलांना कोणी छळायचं का?"

"छळायचं म्हणाल," मी म्हटलं, "तर अख्ख्या गावात एकच बाई."

मासे तळायला दुसऱ्याची जागा घ्यायची, तर जागेच्या मालकाचा विमा आहे याचा दाखला घ्या, असा बिशपसाहेबांच्या कचेरीचा नियम होता. तो पाळायचं कोण? फक्त रोझेला. दर वर्षी उपवासकाळ लागायच्या आत त्या दुकानात यायच्या. लहानपणी मी काउंटरमागून ऐकलेलं आहे.

"ॲल्विन, कागद."

"अगं रोझेला, गेल्या वर्षी दिला ना!"

"गेल्या वर्षी मासेही खाल्लेस. यंदा नकोत?"

बाबा कुरकुरत विमा एजंटला फोन करायचे. त्या गेल्यावर म्हणायचे, "ही बाई स्वर्गाच्या दारातही सेंट पीटरकडे दाखला मागेल."

आम्ही रोझेलांच्या स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी कोबीच्या कोशिंबिरीची, तीनशे माणसांच्या मापाची पाककृती असलेली जाड वही काढली. मागच्या बाजूला, प्लास्टिकच्या पाकिटांत, एकाहत्तर ते चौऱ्याऐंशी, उपयोगाचे चौदा दाखले. प्रत्येकावर कंपनीचं नाव, पॉलिसीचा नंबर, तारखा. मिस ट्रूडी खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. रोझेला म्हणाल्या, "रडता काय? कॉफी घ्या. आणि कर्ट, तू विचारायला सहा महिने का लावलेस?"

मी म्हटलं, "मिसेस फ्रिक, लाज वाटली."

"लाजेने विहीर साफ होते का?"

नंतर कंपनीचे वकील आले. त्यांनी सत्त्याहत्तरचा दाखला उजेडात धरला आणि विचारलं, "हा डाग कसला?" रोझेला म्हणाल्या, "कॉड माशाचा. वास घेऊन खात्री करा." त्या सभ्य गृहस्थाने, देव त्याचं भलं करो, खरंच वास घेतला! दीड वर्ष पत्रापत्री चालली, पण शेवटी कंपनीने जबाबदारी मानली. माती उपसली गेली, पाणी शुद्ध केलं गेलं. गेल्या सप्टेंबरात शाळेचे नळ उघडले. पहिला पेला कोणी प्यायला? रोझेलांनीच. पिऊन म्हणाल्या, "पूर्वीसारखंच बेचव आहे."

चव्वेचाळीस वर्षं आणि वर आणखी किती कोण जाणे, त्या हे काम करत आल्या, आणि आता निवृत्त होत आहेत. कोणी विचारेल, त्यांनी मोठं काय केलं? मला वाटतं, कोणी बघत नसताना जो लहानसा नियम माणूस निष्ठेने पाळतो, तो देव जपून ठेवतो, आणि वेळ आली की परत देतो. मी प्रार्थना म्हणत कागद जाळले. त्यांनी कुरकुर ऐकत कागद जपले. यातली खरी भक्ती कुठली, हे मी शेवटच्या बाकावर बसून पुष्कळ विचार करून ठरवलं आहे.

फादर, आपण मला बोलू दिलंत, मंडळींनी ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल, तर इस्त्रीत राहिलेल्या एखाद्या सुरकुतीसारखं समजून सोडून द्या. क्लेम, तुम्हीसुद्धा.

एकच राहिलं. त्या स्वच्छ झालेल्या जागेसाठी पेट्रोल पंपवाले दोनदा येऊन गेले. तीन महिने मी मनाशी घोळवत होतो. आज सकाळी नऊ वाजता जमीन नोंदणीच्या कचेरीत जाऊन ती जागा चर्चच्या नावे करून आलो. येत्या शुक्रवारी मासे तिथेच तळायचे.

आणि मिसेस फ्रिक, जागेचा मालक आता बदलला, तेव्हा निवृत्त होण्याआधी यंदाचा दाखला फादरांकडे मागा.